गिटारीची प्रकृती

प्रिय ठकू,

‘बाबा आईच्या गिटारची कंडिशन कळवा विकून टाकू’ हा तुझा संदेश पोहोचला. त्यात एकही विरामचिन्ह नाही. एवढ्याशा मजकुरालाही पूर्णविरामाचा अधिकार असतो, असो. आईला जाऊन वर्ष होत आले आणि तू प्रथमच तिच्या एखाद्या वस्तूची चौकशी केलीस, म्हणून मी ती गिटार वाद्ये दुरुस्त करणाऱ्या बाईंकडे स्वतः घेऊन गेलो.

प्रकृती अशी आहे. मान सरळ आहे. या वयात माझ्याविषयी तसे म्हणवत नाही. फुगीर अंगावरच्या वार्निशला बारीक तडे गेले आहेत, आणि आईचा उजवा हात जेथे टेकायचा, तेथील लाकूड उघडे पडले आहे. आवाजाचे बटण फिरवताना खरखरते. तारा गंजल्या आहेत. बाई म्हणाल्या, “आजोबा, म्हातारी ठणठणीत आहे हो!” त्या गिटारीविषयी बोलत होत्या, तरी मला बरे वाटले.

तू या गिटारीला ‘थोरल्या ताईसाहेब’ म्हणायचीस. आई हॉटेलातील वाद्यवृंदात वाजवायला निघाली, की तू दारात आडवी उभी राहून ठणकावायचीस, “ती तुझ्या मांडीवर, आणि मी मात्र घरी!” पुढे तू मोठी झालीस. ठणकावणे थांबले, आणि हळूहळू फोन करणेही.

आईची एक सवय तुला आठवते का? वाजवण्यापूर्वी ती गिटारीवरच्या लांबट, वळणदार छिद्रात दोन बोटे घालून आत काहीतरी चाचपायची. एखादी सैल वायर असावी, अशी माझी समजूत होती.

काल बाईंनी त्याच छिद्रातून चिमट्याने लोकरीचा एक गोळा ओढून काढला. अशी पोकळ, विजेवरची गिटार आवाज वाढवला की स्वतःच किंचाळू लागते, म्हणून वादक आत कापड कोंबतात, असे त्यांनी सांगितले. मग त्यांनी तो गोळा उलगडला. वीतभर पिवळा स्वेटर. एक बाही दुसरीपेक्षा आखूड. आईने आयुष्यात विणलेला एकमेव. तुझ्या पहिल्या हिवाळ्यानंतर तो दिसेना, तेव्हा मी सारे घर पालथे घातले होते, आणि ती मान वर न करता म्हणाली होती, “असेल इथेच कुठेतरी.”

बाईंनी त्या जागी नवा फोम सुचवला. मी नको म्हटले, आणि स्वेटर होता तसाच, न धुता, पुन्हा आत ठेवायला लावला. गिटार आता तुझी आहे. विकायची असेल, तर मी अडवणार नाही. मात्र तिच्या पोटातून तो मी काढणार नाही, आणि दुसऱ्या कोणाला काढूही देणार नाही. त्यासाठी तुलाच यावे लागेल. छिद्र अरुंद आहे; माझी बोटे आत जात नाहीत. तुझी आईसारखीच बारीक आहेत.

तुझाच,
बाबा