मामांची टाच

१२ जून

ति. मामांना,
सा. न. वि. वि.

परवा तुम्ही नखं कापून घ्यायला पायांचे आजार बघणाऱ्या माझ्या दवाखान्यात आलात आणि मी तुम्हाला तडक इस्पितळात धाडलं. राग निवळला असेल असं धरून लिहिते. डाव्या टाचेत शिलाई मशीनच्या सुईचा तुकडा रुतला होता, भोवती पू झाला होता, आणि तुम्ही त्याच पायानं मशीन मारत होतात. डोळे मिटायला लावून टाचेला बोट लावलं, तेही तुम्हाला कळलं नाही. मधुमेहानं पायाची जाणीव गेलीय, हे तुम्हाला सांगताना मीच घाबरले होते, म्हणून आवाज चढला.

सर्जनबाई म्हणाल्या, थोडं आणखी थांबले असते तर पाय गेला असता. जखम भरेपर्यंत त्या पायावर अजिबात भार नको. मामी म्हणेल तसं वागा.

लोभ आहेच, थोडा त्या टाचेवरही करा.

तुमची भाची

२५ जून

चि. छकुलीस,
अनेक आशीर्वाद.

तुझ्या मामीनं मशीनचा पट्टाच काढून लपवलाय. पलीकडचा शिंपी, ज्याच्याशी माझा छत्तीसचा आकडा, तो आपण होऊन आला, अडलेले कपडे शिवून माझ्या गिऱ्हाइकांना देऊन आला. बटणं मात्र सैल लावतो.

तू हे काम शिकायला निघालीस तेव्हा मी तुझ्या आईला म्हणालो होतो, पोरगी आता जगाचे पाय धरणार. त्यात माझेही धरलेस, बरं झालं.

तुझा मामा

३ सप्टेंबर

चि. छकुलीस,
अनेक आशीर्वाद.

जखम भरली. तू पाठवलेले रुंद बूट घालून आज दुकानात गेलो. मशीनला मोटर बसवलीय, पायाला सुट्टी.

तू सांगितल्याप्रमाणे मामी रोज संध्याकाळी माझे तळवे तपासते. तिच्या मांडीवर पाय ठेवायचा म्हणजे मला फार अवघडल्यासारखं व्हायचं. काल ती म्हणाली, लग्न झाल्यापासून हा माणूस इतका वेळ माझ्यासमोर स्वस्थ बसलाच नव्हता. तिचा हात फिरतो तो मला कळत नाही, पोरी. पण मी बघत बसतो.

आमची दोघांची माया तुझ्यापाशी पोचती करतो.

तुझा मामा