पासवर्डला ह्यांचं नाव

१९ ऑक्टोबर, सकाळ
मला अक्षर येत नाही. मी बोलते, हा फोन लिहितो. तारीखसुद्धा तोच घालतो. आम्हा दोघांत अक्कल एकालाच आहे आणि ती फोनला नाही.
इथे जपानात, एदोगावा नदीजवळ, मी, सून आणि नात कश्मिरा. केदार, माझा मुलगा, ऑफिसच्या कामाला अमेरिकेत गेलाय. तिथे निवडणूक तोंडावर, माणसं एकमेकांच्या उरावर बसलेली. त्यात बातमीत सांगितलं, एआय म्हणे आता कुणाचाही आवाज काढतं, मुलाच्या आवाजात आईला फसवतं. मला फसवून दाखवावं.
संकल्प: घराला पासवर्ड. फोन करणाऱ्यानं सांगायचा, घेणाऱ्यानंही सांगायचा. नियम माझा. शब्द कोणता, तर मी भिंतीवरच्या फोटोकडे बोट दाखवलं. कश्मिराच्या आजोबांचं नाव. सून नेत्रा म्हणाली, आई, तुम्हाला जमेल ना? काहीतरीच विचारते.

२१ ऑक्टोबर
चांगली बातमी. अमेरिकेतले दोन कट्टर वैरी पुढारी एका ताटात पुरणपोळी खाताना, व्हिडिओच आला. मिटलं एकदाचं. पुण्याला सगळ्या बहिणींना पाठवला.
कश्मिरा, तिसरीतली नात, म्हणाली एकाला सहा बोटं आहेत. असतात. माझ्या बहिणीला, उल्कालाही होती.

२३ ऑक्टोबर, दुपारी ३.२०
आला! अनोळखी नंबर, आवाज हुबेहूब केदारचा. म्हणे माझा फोन बंद पडलाय, ऑफिसच्या फोनवरून बोलतोय. नेत्राची ट्रेन मध्येच थांबलीय, जपानात ट्रेनमध्ये फोनवर बोलत नाहीत, म्हणून तिनं मला मेसेज केला. तुला वाचता येत नाही ना. पावणेचारला कश्मिराची बस येईल, तू जा.
मी म्हटलं, शब्द? त्यानं ह्यांचं नाव फाडकन घेतलं. मग म्हणतो, "आई, आता तू सांग. नियम तुझाच आहे."
मी म्हटलं, कश्मिराचे आजोबा. म्हणतो, नाव.
त्रेचाळीस वर्षं संसार केला, उखाण्याशिवाय नाव घेतलं नाही. माझा केदार मला असं घ्यायला लावेल? तिथेच पकडला. फोन ठेवून दिला. मग चहा केला, जास्त आलं घालून.

दुपारी ४.३५
वरच्या मजल्यावरची गीता कश्मिराला घेऊन आली. तिचा मुलगा त्याच बसला असतो, म्हणून निभावलं. पोरगी रडून लाल झालेली.
खरा होता.

२४ ऑक्टोबर
संध्याकाळी नेत्रा म्हणाली, सोमवारपासून बसला गीताला सांगू का?
मी म्हटलं, एक संधी दे. कश्मिराकडे बघितलं. ती जपानीत म्हणाली, दामे. म्हणजे नाही.

२६ ऑक्टोबर, दुपारी ४
पंधरा मिनिटं आधी जाऊन उभी राहिले. बस आली. दार उघडलं. कश्मिरा पायरीवर हाताची घडी घालून उभी.
"आजी, पासवर्ड."
आत वीस पोरं. बसमधल्या बाई घड्याळाकडे बघतायत. मागे गीता. मी पदर सावरला आणि म्हटलं:
"एदोगावाच्या पुलावरून ट्रेन जाते सुसाट,
पंढरीनाथांची नात अडवते माझी वाट."
बाईंना काही कळलं नसणार, तरी टाळ्या वाजवल्या. पोरांनीही. कश्मिरा उतरली आणि माझं बोट धरलं. घरापर्यंत सोडलं नाही.
आता लक्षात आलं. पासवर्ड अख्ख्या बसला कळला.
आणि फोना, तुलाही सांगून बसले, मेल्या.