थाळीत मांडलेल्या गोळ्या

आपोका,

शेतावरून आल्यावर हातपाय धुण्याआधी हे वाच. अवुनीला घेऊन मी मोटारसायकलने आरोग्य केंद्रात जात आहे. शेजारची असिबी त्याला धरून मागे बसेल. त्याचा ताप उतरला आहे, परंतु हाक मारली की तो डोळे उघडतो आणि लगेच मिटतो.

त्याच्या चटईजवळ चमचा सापडला. त्यात गोळीचा चुरा होता. बाजारातून आणलेल्या सुट्या गोळ्या तू दुधाच्या पावडरीच्या डब्यात ठेवतेस. त्यांवर नाव नसल्यामुळे नर्सला काहीच उलगडणार नाही. डबा मी सोबत नेत आहे आणि प्रत्येक रंगाची एकेक गोळी टेबलावरच्या थाळीत मांडली आहे. त्यातली कोणती दिलीस आणि किती, एवढे फोनवर कळव. तुझा फोन चार्जिंगला लावला आहे.

गेल्या आठवड्यात मी त्या डब्याविषयी बोललो, तेव्हा तू म्हणालीस, "मामंजी, तुम्ही पंप दुरुस्त करा, पोरं मी बघते." ते मी मनात ठेवलेले नाही. नक्की आठवत नसेल तर तसेच सांग. अंदाजाने रंग सांगू नकोस, कारण त्यावरूनच उपचार ठरतील.

अवुनीच्या बापाला, अटांगाला, कुमासीला मी अद्याप काही कळवलेले नाही. गोळी कोणी दिली, हे नर्स विचारेलच. मी दिली, असे सांगणार आहे. तू फक्त रंग सांग.

अकोल्गो