मागच्या चाकांतलं पाणी

११ ऑक्टोबर २००९, रविवार

आज ट्रॅक्टरच्या मागच्या चाकांत पाणी भरलं. हे चाकाशी उकिडवे बसून पाइप वॉल्व्हला धरत होते, मी नळापाशी. "सोड... पुरे... अगं बंद कर!" दोघंही भिजलो.

लॉन कापायचा ट्रॅक्टर हा. उन्हाळाभर यांना पाठीवर घेऊन बागेत गोल गोल फिरतो. आता खालची गवत कापायची पाती काढून टाकलीत, पुढे बर्फ लोटायचं पातं बसणार. पण अंगाने हलका, बर्फावर चाकं जागच्या जागी फिरतील. मागे वजन हवं. "आमच्या हिंगणघाटला बाबा टायरात पाणीच भरायचे. नांगराला काय जोर यायचा!" जन्मभर लेस्टरच्या होजियरी कंपनीचे हिशेब लिहिले या माणसाने, पण हात मळले की चेहरा परत शेतातला होतो.

कशासाठी चाललंय, ते आम्ही बोलत नाही. फेब्रुवारीत माझ्यासाठी हॉस्पिटलचा फोन आला होता. तुमच्यासाठी किडनी मिळाली आहे, लगेच निघा. बाहेर गुडघाभर बर्फ. आमची लेन खाजगी, कौन्सिल तिथे बर्फ वितळवायचं मीठ टाकायला येत नाही. गाडी फाटकाजवळच चरात घसरली. पोचेपर्यंत किडनी दुसऱ्या कुणाला दिली होती. द्यायलाच हवी होती. ती वाट बघत बसत नाही.

 घरी आल्यावर हे कोट न काढता शेडमध्ये गेले आणि ट्रॅक्टरकडे बघत उभे राहिले.

३ नोव्हेंबर, मंगळवार

पातं आलं. पिवळंधमक, माझ्या कमरेएवढं उंच. शेजारचा कीथ मदतीला आला होता. त्याचं शेत आहे, मोठा ट्रॅक्टर आहे. "मर्ली," यांना तो अशीच हाक मारतो, "तू स्कॉटलंड साफ करायला निघालास का?" हे हसले. बऱ्याच दिवसांनी.

पातं थोडं तिरकं बसवलं, म्हणजे बर्फ एका बाजूला पडेल. आमच्या दारात खडी आहे, तिथे बोटभर वर धरायचं, नाहीतर बर्फाबरोबर खडीही जाते. पुढे लेनला डांबर आहे. हे मला सगळं समजावत होते. मी मान डोलवत होते. कालच्या डायलिसिसचा थकवा अजून हाडांत आहे. उद्या परत.

२४ नोव्हेंबर, मंगळवार

क्लिनिक. हे पार्किंगला जागा शोधत होते, म्हणून डॉक्टरांसमोर मी एकटीच. आमच्या लेकीच्या, ऋचाच्या वयाची असेल ती. हृदयाची तपासणी चांगली आलेली नाही. एवढं मोठं ऑपरेशन हे हृदय सोसणार नाही. "आय ॲम सो सॉरी, मिसेस हिवरकर. वी हॅव टु टेक यू ऑफ द लिस्ट." डायलिसिस आहे तसं चालू राहील. तो फोन मात्र आता येणार नाही.

मी थँक यू म्हटलं. नागपूरला कॉन्व्हेंट शाळेत सिस्टर्सनी तेवढं पक्कं करून घेतलं होतं. हातात काहीही ठेवलं तरी आधी थँक यू.

बाहेर आले तर हे धापा टाकत येत होते.

"काय म्हणाल्या?"

"नेहमीचंच."

"मग चल लवकर. बर्फात चाकांना बांधायच्या साखळ्या आल्या असतील आज."

आल्या होत्या.

२६ नोव्हेंबर

आजही सांगितलं नाही.

५ डिसेंबर, शनिवार

ऋचा लंडनजवळच्या पिनरहून आली. येताना माझ्यासाठी मऊ मोजे. बाबांना शेडमध्ये चाकांवर साखळ्या चढवताना बघून कपाळाला हात लावला.

"बाबा, तू हा सगळा का करतो? पिनरला या ना दोघं. माझा घर मोठा आहे."

"माझं घर."

"हो, तुझा घर पण छान आहे, पण..."

हे इतके हसले की हातातली साखळी सुटली. तिलाही हसू आलं. मग हे गंभीर झाले. "आईचं नाव इथल्या हॉस्पिटलच्या यादीत आहे. फोन कधीही येईल. आता कुठे हलायचं नाही."

ऋचाने माझ्याकडे बघितलं. मी भांडी घासायला घेतली.

का सांगत नाही मी? रोज स्वतःलाच विचारते. सांगितलं तर हे ट्रॅक्टरवरून उतरतील आणि खुर्चीत बसतील. फेब्रुवारीनंतर बसले होते तसे, टीव्ही न लावता, टीव्हीकडे तोंड करून. आणि मग मनात धरतील की त्या दिवशी वेळेत पोचलो असतो तर. खरंच आहे ते. म्हणूनच सांगवत नाही.

यांनी ट्रॅक्टरच्या सीटमागे बासमतीच्या रिकाम्या पोत्यांत वाळू भरून ठेवली. वजनावर आणखी वजन.

१२ डिसेंबर, शनिवार

पाऊस. हे हिरमुसले. रोज दोनदा हवामान बघतात. सगळा देश बर्फ नको म्हणतोय, आणि माझा नवरा खिडकीत उभा राहून त्याची वाट बघतोय.

१९ डिसेंबर

कडाक्याची थंडी. बागेतलं तळं वरून घट्ट झालंय.

२१ डिसेंबर, सोमवार

रात्रभर बर्फ पडला. सकाळी उठले तर हे आधीच बाहेर, कानटोपी, मफलर. मला डायलिसिसला न्यायला हॉस्पिटलची गाडी यायची होती. इंजिन पहिल्या झटक्यात सुरू झालं. खिडकीतून हात केला मला, पोरासारखा.

मग धप. परत धप. चार पावलं चालून ट्रॅक्टर घोड्यासारखा उडायला लागला. एका चाकाचा वॉल्व्हच तुटला. हे उतरले, टायरवर लाथ मारली. दगड.

चाकांतल्या पाण्याचा बर्फ झाला होता.

तळं गोठताना आम्ही दोघांनी बघितलं. पक्ष्यांच्या वाटीतला बर्फ मी रोज फोडते. पण टायरात पाणी आहे हे दोघांच्याही डोक्यात आलं नाही. ते पाणी हिंगणघाटचं होतं. तिथे कुठे गोठतंय?

कीथने त्याच्या मोठ्या ट्रॅक्टरने दहा मिनिटांत लेन मोकळी केली. "अँटीफ्रीझ घालायचं असतं रे त्यात, म्हणजे पाणी गोठत नाही. आधी विचारायचंस ना." प्रेमानेच बोलला. यांनी मान खाली घालून ऐकून घेतलं.

संध्याकाळी मी डायलिसिसहून परत आले तर दोन्ही चाकं माझ्या स्वयंपाकघरात, बॉयलरला टेकवून, खाली वर्तमानपत्रं. साखळ्या सिंकमध्ये. हे स्टुलावर बसलेले.

"फोन आज आला असता तर, अरुणा?"

"नाही आला ना."

"आला असता तर? परत माझ्याचमुळे..."

मी जवळ जाऊन यांचं डोकं पोटाशी धरलं. अगदी ओठांवर आलं होतं. एका वाक्याने यांची ही भीती गेली असती. पण भीती गेल्यावर मागे काय उरलं असतं? मी म्हटलं, पिठलं टाकते, गरम गरम खाऊन घ्या.

२२ डिसेंबर, मंगळवार

चाकांतला बर्फ वितळला. कीथने निळं अँटीफ्रीझ आणि नवा वॉल्व्ह आणून दिला. दुपारभर दोघं माझ्या फरशीवर बसून भरत होते. सगळ्या घराला गोडसर, औषधी वास. कीथ म्हणाला, आता हा सैबेरियात पण चालेल. यांनी त्याला चहाबरोबर तिखट शेव दिली, ती त्याने घाम पुसत दोनदा मागून खाल्ली.

२३ डिसेंबर, बुधवार

परत बर्फ. आणि यांनी लेन साफ केली! दारापासून फाटकापर्यंत, बर्फाची सरळ भिंत एका बाजूला. हॉस्पिटलच्या गाडीचा ड्रायव्हर काच खाली करून म्हणाला, "ब्यूटिफुल जॉब, सर." संध्याकाळी हे जेवताना गुणगुणत होते. मी मनात म्हटलं, नाताळ होऊन जाऊ दे. मग सांगेन.

२४ डिसेंबर, गुरुवार

सकाळी यांनी आपणहून ट्रान्सप्लांटच्या ऑफिसला फोन लावला. मी पोळ्या करत होते. काय करताहेत ते कळेपर्यंत उशीर झाला होता. "मिस्टर हिवरकर बोलतोय. फेब्रुवारीत आम्हाला पोचायला उशीर झाला होता. तेवढंच सांगायला फोन केला, ह्या वर्षी आमचा रस्ता मोकळा आहे. रात्री, पहाटे, केव्हाही फोन करा. नाताळच्या दिवशीसुद्धा."

तिकडून नर्स काहीतरी म्हणाली.

"तुला द्यायला सांगतेय," म्हणाले आणि फोन पुढे केला. माझ्या हाताला पीठ. नर्सने हळू आवाजात विचारलं, मिस्टर हिवरकरांना तुम्ही सांगितलेलं नाही का?

हे समोर उभे. माझ्या तोंडाकडे बघत.

"नो," मी म्हटलं. "नॉट येट."

फोन ठेवला.  तव्यावरची पोळी करपत होती, ती यांनी उलटली. गॅस बंद केला. मग दारातले बूट घातले.

त्याच दिवशी, दुपार

कीथच्या बायकोचा फोन. तुमचे मिस्टर ट्रॅक्टर घेऊन आमचं फाटक ओलांडून पुढे गेलेत, ठीक आहेत ना? पुढे मोठा रस्ता. कौन्सिलने कालच मीठ टाकून साफ केलेला. तिथे बर्फच नाही. पातं नुसतं डांबरावर खरवडतंय, आवाज इथपर्यंत येतोय. थांबत नाहीये. मला थंडीत बाहेर पडायला मनाई आहे. कोट घातला आहे. यांना आणायला निघाले.