सूर्याच्या डागांचा एप्रिल तक्ता

१ जानेवारी १९५८
संकल्प. रोज सकाळी आठला दुर्बिणीतून सूर्याचं बिंब कागदावर पाडायचं, डाग मोजायचे, तक्त्यात लिहायचे, महिनाअखेर जपानला धाडायचे. तिथले तानाबे मास्तर अकरा देशांतल्या हौशी लोकांचे आकडे जमवतात. भारतातून एकटा मी. सौंदडच्या प्रायमरी शाळेचा केवळराम मास्तर! उद्यापासून सुरू.

९ जानेवारी
आठापैकी पाच दिवस पाहिलं. तीन दिवस आभाळ. कोरे रकाने बरे दिसत नाहीत, देशाच्या अब्रूचा प्रश्न आहे. ६, ७, ६ भरले. शामकला (माझी बायको) म्हणते, काऊन जी, काल त आभाळ होता, डाग कोठून मोजले? म्हटलं, याला अनुमान म्हणतात. सायन्समध्ये चालतं.

२ मार्च
तानाबेंचं पत्र. त्यांच्याकडे ढग आले की माझा आकडा ते वर्गाच्या फळ्यावर लिहितात. मुलं म्हणतात, सौंदडला ऊन आहे! उद्यापासून एकही खोटा आकडा नाही. शप्पथ.

३ मार्च
उठायला साडेनऊ. ७ डाग. (साधारण.)

८ एप्रिल
वार्षिक परीक्षा. पेपरांचे गठ्ठे. वेळ वाचावा म्हणून अख्ख्या एप्रिलचा तक्ता आजच भरून टाकला. मधे एक ५ घातला, खरं वाटायला. शेरा सगळीकडे एकच : आकाश स्वच्छ, बिंब पूर्ण गोल. पाकीट पोस्टातल्या केशोरावांना देऊन बजावलं, एक मेला टाका. मन खातंय. परीक्षा संपली की रोज दोनदा बघून भरपाई करीन.

१९ एप्रिल, सकाळी ७
आई दाराला कडी घालते आहे. आज सूर्यग्रहण! पंचांगात होतं म्हणे. मी सायन्सवाला, पंचांग बघतच नाही. तक्त्यात आजचं बिंब पूर्ण गोल आहे. मेलो!

सकाळी ११
घरातच बसलो. आईचं मन मोडवेना. नंतर आंघोळ केली, ती उकाड्यामुळे. शामकला मात्र अंगणात परातीत पाणी घालून मुसळ उभं करून बसली होती. उभं राहिलं की ग्रहण लागलं, पडलं की सुटलं! काय हा अडाणीपणा.

दुपारी २
पाकीट परत घ्यायला पोस्टात धावलो. केशोराव म्हणाले, परदेशाची टपाल कायले अडवून ठेवू मास्तर? त्याच दिशी धाडली. वर चहा पाजला. गोड लागला नाही.

१४ मे
तानाबेंचं पत्र. एप्रिलचा तक्ता त्यांना १८ एप्रिललाच मिळाला. लिहितात, तीस तारखेपर्यंतचे डाग आधीच मोजता येणं आम्हाला अजून जमत नाही, कृपया पद्धत कळवावी. पुढे, १९ ला आमच्या मुलांनी ग्रहण पाहिलं. तुमच्याकडे चंद्र आला नाही का?
टोमणा असता तर बरं होतं. माणूस खरंच विचारतोय. त्या पोरांच्या फळ्यावर मी चार महिने खोटं लिहीत होतो. लाज वाटते, लाज.

१५ मे
शामकलाला विचारलं, परातीत तुला काय दिसलं. म्हणाली, चांद्याले जाणारी आगगाडी गेली तवा एका बाजूनं घास घेतल्यावाणी झाला, गाईचं दूध काढून झालं तवा सुटला. मुसळ त कवाच पडला होता, मी पाण्यातच पाहून राहिली होती. कोळशानं भिंतीवर तीन चित्रंही काढली होती. महिनाभर मी त्याच भिंतीला टेकून जेवतोय.
सगळं कबूल करून पत्र लिहिलं. चित्रं कागदावर उतरवली. स्वतः पोस्टात टाकलं.

६ जुलै
उत्तर आलं. माझे जानेवारीपासूनचे सगळे रकाने खोडले. कोणते खरे ते मलाही सांगता आलं नव्हतं. अकरा देशांच्या पत्रकात सौंदडची एकच ओळ : १९ एप्रिल, ग्रहण. निरीक्षक शामकला. साधन, परात आणि पाणी.
सोबत नवे कोरे तक्ते. तिच्या नावाने.
तिला लिहिता येतं, पण अडखळत. पेन्सिल घेऊन बसली. बाहेर धो धो. विचारते, आभाळ असला त काय लिहू जी?
म्हटलं, आभाळ.