जुन्या मशीनवर चालते का

१२ नोव्हेंबर २०१४, हैदराबाद

बंद करून राहिले! आमचा गेम बंद करून राहिले!

सकाळी गेम पार्लर झाडून कोपऱ्यातली जुनी मशीन लावली, तर पडद्यावर इंग्रजीत मोठी पाटी आली. मला फक्त तारीख वाचता आली— ३० नोव्हेंबर. बाकीचं रचनानं तिकडून हेडफोनमध्ये वाचून सांगितलं. तीस तारखेला 'रेड बेसिन' ऑनलाइन बंद होणार. एकट्यानं खेळायचं तर खेळा. दोघांनी मिळून— खतम. एकवीसला 'रेड बेसिन टू' येऊन राहिला ना, म्हणून.

"मग आता भेटायचं कुठं?" मी म्हटलं.

"टू मध्ये," ती म्हणाली. "जुन्या मशीनसाठी पण निघून राहिला तो."

निघून राहिला, पण चालते का? ते कोणी सांगत नाही.

सेठच्या या पार्लरमध्ये दोन वर्षं झाली मला. चार नव्या मशीनी, सगळं गिऱ्हाईक त्यांच्यावर. जुनी एक, संडासाजवळ, तिला कोणी हात लावत नाही. माझीच समजा. तिकडे अर्जुनीला रचनाच्या भावाचं, अतुलचं, मोबाईलचं दुकान आहे. त्याच्याकडे पण हीच जुनी मशीन. अतुल उशिरा येतो, सकाळी दुकान ती उघडते. फोनवर बोललो तर घरचे विचारतात, कोणाचा फोन? गेममध्ये बोललो तर वाटते पोरगी खेळून राहिली. मी आठवी नापास. गेममधलं इंग्रजी ती वाचते, गोळ्या मी मारतो. जीप तीच चालवते.

दिवाळीला गावी गेलो तेव्हा तिला सांगायचं होतं. दुकानासमोर दोन चकरा मारल्या अन् परत आलो. समोर असली की तोंडच उघडत नाही. गेममध्ये सांगता येईल. तिथं आपलं थोबाड दिसत नाही.

१४ नोव्हेंबर

गावच्या पोरांच्या व्हॉट्सअॅप ग्रुपवर दिवसभर भांडण. अतुल पण आहे त्यात. भूपेंद्रनं पहिले रिव्ह्यू टाकले. भूपेंद्र आमच्या अर्जुनीचाच, आता गोंदियाला पॉलिटेक्निकला आहे, त्याला इंग्रजी येते. नवीन मशीनवर दहापैकी नऊ. एकानं साडेनऊ दिले. "क्या दिख रहा है भाई!" अन् असंच काय काय.

मी भूपेंद्रला विचारलं— जुन्या मशीनवर?

"जुन्या मशीनची कॉपी कंपनीनं एकाही रिव्ह्यूवाल्याले धाडली नाही. समज ना बे."

काय समजू? नाही धाडली म्हणजे खराब आहे काय?

"तुह्या घरी पोरगी पाहाले पाहुणे आले, अन् तू पोरगी बाहेरच नाही आणली, त पाहुणे काय समजतीन?"

सगळे हसले. मी पण हसायचं चित्र टाकलं.

१५ नोव्हेंबर

नऊ. नऊ. आठ. नऊ. जुन्या मशीनचं नाव कोणी घेत नाही.

१८ नोव्हेंबर

आज सकाळी रचनानं जीप धरणावर नेली. गेममधलं धरण. तिथं आलं की ती दर वेळेस म्हणते, "हे त आपलं इटियाडोह दिसते." आज म्हणाली नाही. मग मीच म्हटलं. "हूं," म्हणाली.

भिंतीवर दोघं उभे राहिलो. खाली पाणी चमकून राहिलं होतं.

"संघदीप, तिकडे दोस्त नाही केले काय तू?"

"आहेत ना."

"मग सकाळी त्यायच्यासंग काऊन नाही खेळत?"

"त्यायले जीप नाही चालवता येत."

वाटलं हसेल. नाही हसली. गिऱ्हाईक आलं म्हणे, अन् गेली. तिचा माणूस एकदम गायब झाला पडद्यावरून. जीप तिथंच. मला चालवता येते तशी. पण नाही बसलो.

कामाचं टेन्शन असेल तिला.

२१ नोव्हेंबर

टू आला! शटर उघडायच्या आधीच पोरं बाहेर उभी. चारही मशीनीवर तोच. आरडाओरडा असा की सेठ म्हणे, मेरे कान जाते.

एक म्हणे, "मियाँ, बारिश में फ्रेम गिर रे."

दुसरा म्हणे, "तेरे चश्मे का नंबर गिरा होंगा, गेम मक्खन है."

"ग्यारा महिने रुका मैं इसके वास्ते! नौ कायको दिए? सात का भी नै है."

"तू घर जा, कॅरम खेल."

फ्रेम म्हणजे एका सेकंदात किती चित्रं येतात ते. कमी झाली की गेम धक्के खात चालतो. हे नवीन मशीनवर भांडून राहिले! माझ्या संडासाजवळच्या मशीनचं काय होईल?

सेठनं जुन्या मशीनची डिस्क मागवलीच नाही. "उस डब्बे पे कौन खेलेगा?" म्हणून मीच दोन घेतल्या. एक मला. एक गावच्या मनिरामकाकाजवळ दिली. ते इथं सेंट्रिंगच्या कामावर आहेत, धान कापायला घरी चालले.

"काय आहे रे हे?"

"गेम आहे काका. अतुलच्या दुकानात द्या, रचनाजवळ. शर्टात गुंडाळून न्या."

"एवढ्या दूर खेळ धाडून राहिला!"

हो. धाडून राहिलो.

२२ नोव्हेंबर

जुन्या मशीनचा रिव्ह्यू आला. चार. दहापैकी चार.

एका कॉलेजवाल्या पोराकडून वाचून घेतला. जीप आधी जाते, रस्ता मागून येतो. झाडं डोळ्यासमोर उगवतात. बाजारात गेलं की सगळं थांबते. घेऊ नका, असं शेवटी लिहिलं आहे म्हणे.

भूपेंद्र: "बोला था ना."

मी दुपारी स्वतः खेळून पाहिलं. खोटं कशाला लिहू— पहिल्याच वळणावर रस्ता नव्हता. खाली नुसतं राखाडी, अन् मी जीपसकट हवेत. मग सावकाश रस्ता आला. बाजारात तर माणसं पाय उचलून उभीच राहिली. पण चालते! थांबत थांबत चालते. तसंच लिहिलं ग्रुपवर.

"संघ्या कंपनीचा जावई झाला बे!"

"सासऱ्यानं हुंड्यात काय देल्लं? झाडं? अन् तेही उशिरा?"

बोला. मला झाडं नाही पाहिजेत. दोन माणसं एका जागी उभी राहिली, एकाचा आवाज दुसऱ्याला आला— तेवढं तर जुन्या मशीनवर होते ना. कोणत्याच रिव्ह्यूत ते लिहिलेलं नाही.

२७ नोव्हेंबर

डिस्क पोचली. रचनाचा मेसेज— "मिळाली. कायले पाठवली रे तू, आम्ही घेतली असती."

राग नाही आला तिला. हातात काम असेल म्हणून एवढंच लिहिलं.

३० नोव्हेंबर, रविवार

आज जुना गेम बंद झाला.

रचना सकाळी आली. जीपमध्ये नाही बसली, बाजारातच उभी राहिली. "घरी धानाचं चुरणं आहे, मळणीले आईनं बोलावलं, जास्त वेळ नाही," म्हणे. मी म्हटलं, धरणावर एक चक्कर? "राहू दे आता."

म्हटलं आता नाही तर कधी. "रचना, एक सांगायचं होतं तुले."

ती पटकन म्हणाली— "टू मध्ये सांग."

अन् गेली.

मी एकटाच धरणावर गेलो. तिथं कुठकुठचे लोक जमले होते. कोणत्या देशाचे कोण जाणे. गाड्या ओळीनं लावल्या होत्या, हॉर्न वाजवून राहिले होते, आकाशात उजेडाचे बाण सोडून राहिले होते. एकमेकांना ओळखत नाहीत, पण निघत कोणीच नव्हतं. सेठ मागून ओरडला, "अबे, तीन नंबर का टाइम हो गया!" मी म्हटलं, दो मिनट. मग एक-एक माणूस गायब व्हायला लागला. माझ्या बाजूचा हात हलवता हलवता गेला.

पडदा काळा झाला. इंग्रजीत एक ओळ आली. ती वाचून घ्यायची गरज नव्हती.

बाथरूममध्ये तोंड धुऊन तीन नंबरच्या मशीनवर गेलो.

पण टू मध्ये सांग, म्हणाली. म्हणजे येणार आहे.

३ डिसेंबर

रचनाचा मेसेज— "आमच्याकडे नाही चालत रे तो. खूप अटकते. भूपेंद्रनं ग्रुपवर टाकलं होतं तसंच आहे."

चार देणाऱ्याच्या हाताला काही न होवो. खरं सांगत होता तो. मी उगाच सगळ्यांशी भांडलो.

७ डिसेंबर

अपडेट आलं! रात्रभर उतरवलं, सकाळी लावलं. रस्ता वेळेवर! वळणावर पण रस्ता! बाजार अजून अडकतो, पण पहिल्यासारखा नाही.

ग्रुपवर जन्मात लिहिलं नव्हतं एवढं लिहिलं. पाऊस कसा, जीप कशी, कुठं थांबते, कुठं नाही. शेवटी आकडा टाकला— जुन्या मशीनवर सात.

"आठवी नापासचा रिव्ह्यू आला रे, वाचा!"

"सात? दारू पिऊन देल्ले काय?"

भूपेंद्र म्हणे, मी डोळ्यानं पाहत नाही तोवर चारच.

रचनाला वेगळा मेसेज टाकला. अपडेट उतरव, चालते आता. ती म्हणे, "तुझ्याकडे चालत असन. आमची मशीन जुनी आहे." अरे, पण मशीन तीच! मग लिहिलं, पंख्यातली धूळ फुंकून काढ. मशीनमध्ये जागा नसेल, जुना गेम उडव. उडव, असं लिहिताना बरं नाही वाटलं. पण आता त्याचा काय उपयोग.

"बघते," म्हणे.

१० डिसेंबर

गेममध्ये दोस्त आला की त्याचं नाव हिरवं होते. तिचं आज पण राखाडी.

१३ डिसेंबर

रोज सकाळी टू मध्ये जाऊन उभा राहतो. यातही एक तळं आहे. मिशन कोणतंच पुढं नाही गेलं. माणसं येतात, काही बोलतात, खाली इंग्रजी येते अन् दोनपैकी एक निवडा म्हणते. मी कोणतंही दाबतो. काल एक म्हातारा मदत मागून राहिला होता वाटते. मी दाबलं अन् माझ्याच माणसानं त्याला गोळी घातली.

सेठ म्हणे, नाताळात गर्दी होते, तो कोपरा खाली कर, डब्बा विकून टाकू. गावी जायला सुट्टी मागितली. सरळ नाही म्हणाला.

मग भूपेंद्रला फोन केला. उद्या रविवार, तो घरी जाणारच आहे.

"अतुलच्या दुकानातली मशीन पाहून ये ना. टू चालत नाही म्हणे त्यायच्याकडे. तुले समजते मशीनचं."

"अबे, गेमच भंगार आहे, मशीन काय करन?"

"एकदा पाह्य. भंगार असला त तसंच लिही ग्रुपवर."

"तुले कायले एवढी पडली?"

"काही नाही. माझं नाव नको घेऊ तिथं. मोबाईलचं कव्हर पाहाले आलो म्हण."

हो म्हणाला.

१४ डिसेंबर

भूपेंद्र आज जाणार. पंखा साफ केला की चालेल, मला खात्री आहे. तिला काय सांगायचं ते सकाळी बंद मशीनसमोर उभं राहून म्हणून पाहिलं. नीट आलं, अडखळलो नाही. उद्याच सांगतो!

१५ डिसेंबर

भूपेंद्रनं ग्रुपवर टाकलं—

"भाईलोग, मी हारलो, संघ्या सही. अतुलच्या जुन्या मशीनवर खेळून आलो. थोडाफार अटकते, पण मस्त चालते. माझे पण सात. रचना त पहिल्या दिवसापासून खेळून राहिली, अर्ध्याच्या वर गेला तिचा गेम. फक्त नेटची वायर काढून ठेवते, अपडेटपुरती लावली म्हणे. मी म्हटलं, वायर काऊन काढली? त हसली. म्हणे, ऑनलाइन राहिलं का एक जण रोज येऊन बसते बोलाले. वायर काढली का शांतीनं खेळता येते."

खाली सगळ्यांचे अंगठे. संघ्या जिंकला, संघ्या जिंकला. ग्रुपवरच्या खेमराजनं मला विचारलं— तुह्याकडे पण जुनी मशीन आहे ना, वायर काढल्यानं खरंच फरक पडते काय?

पडते, असं लिहिलं.