थोरल्याला पहिला मान

सोमवार, ९ जानेवारी १९८९
आजपासून रोज लिहायचं. आमच्या उद्यमबागेतल्या फौंड्रीत मालक कॉम्प्युटर-इन्चार्ज नेमणार आहेत. ऑफिसात सिनियर मीच. दुसरी अंजना, परवा क्लासचं सर्टिफिकेट घेऊन चिकटलेली. तिचा प्रश्नच न्हाय. एसी खोली, चपला दाराबाहेर काढायच्या, आत फक्त इन्चार्ज. नवा जोड घ्यायला पायजे. फाटक्या चपला दारात शोभत न्हाईत.

मंगळवार, १०
‘शिफ्ट’ प्रोग्रामचं नवं व्हर्जन वेगळ्या डिरेक्टरीत, म्हणजे मशीनमधल्या दुसऱ्या कप्प्यात, घातलं. जुना दोनच पाळ्यांची यादी छापतोय, आता तिसरी पाळी सुरू झालीय. प्रोग्राम कुठल्या कुठल्या डिरेक्टरीत शोधायचा, ते मशीनला एका ओळीत लिहून द्यावं लागतं. पाथ म्हणतात. मी आधी जुनी लिहिली, मग नवी. लग्नपत्रिकेत थोरल्याचं नाव वर असतंय, तसंच. हे क्लासात शिकवत न्हाईत.

बुधवार, ११
दोनच पाळ्या छापल्या. तिसऱ्या पाळीची माणसं गेटवर अडली. वॉचमन यल्लाप्पा म्हणतो, यादीत नाव न्हाय त्याला सोडायचं न्हाय, ही तुमचीच ऑर्डर. करंट कमी असणार.

गुरुवार, १२, सकाळ
नवं व्हर्जन पुन्हा घातलं. नारळ फोडला. कमांड मोठ्या अक्षरांत दिली.
दुपार
दोनच. फ्लॉपी पाठवणारा बेंगळूरचा माणूस लबाड.

शुक्रवार, १३
अंजना म्हणाली, पहिल्या डिरेक्टरीत शिफ्ट सापडला की मशीन तोच चालवतंय, पुढं बघतच न्हाय. नवीचं नाव आधी लिहा. मी विचारलं, इतकी वर्षं राबला त्याला खाली बसवायचं? घरात असं करतीस काय?
“मशीनला वय कळत न्हाय, नागोजीकाका.”
एवढं बोलून कामाला लागली. लई शिष्ट.

शनिवार, १४
संक्रांत. गेटवर तिळगूळ वाटला. तिसऱ्या पाळीतल्या कुणीबी घेतला न्हाय.

सोमवार, १६
मालकांनी विचारलं. उद्या नक्की, म्हणून सांगितलं. येताना कॅम्पात जाऊन चपला घेतल्या. कोल्हापुरी, करकर वाजणाऱ्या.

मंगळवार, १७, सकाळ
तिन्ही पाळ्या छापल्या! नारळाचा गुण उशिरा आला, पण आला.
दुपार
पाथ बघितला. नवी आधी, जुनी मागं. अंजनानं मला न विचारता केलंय. डोकंच फिरलं. पुन्हा होतं तसं केलं, यादी परत छापून गेटवर दिली. शिस्त म्हणून काय असतंय का न्हाय?
संध्याकाळ
गेटवर आरडाओरडा. मालक स्वतः खाली गेले. मी फायली लावत बसलो.

बुधवार, १८
बोर्डावर नोटीस. कॉम्प्युटरचं काम आधी अंजनाकडं न्यावं. ती नसेल तरच नागोजींकडं.
यल्लाप्पानं विचारलं, अंजनाक्का रजा कवा घेतात? मी म्हटलं, मला काय माहीत. घेतच न्हाय ती.
दिवसभर कुणी आलं न्हाय. चपला पायातच होत्या.